पंधरवड्याचें काम आणि पंधरा मिनिटांची सभा

साताऱ्याच्या सदाशिव पेठेंत काय किंवा सांगलीच्या विश्रामबागेंत काय, सकाळीं दहाच्या सुमारास कित्येक घरांतून हल्लीं एकच दृश्य दिसतें. घरांतील एखादा तरुण माडीवरच्या खोलीचें दार लोटून घेतो, कानांना यंत्र अडकवितो आणि पडद्यावरील आठ-दहा चेहऱ्यांशीं बोलूं लागतो. काल काय केलें, आज काय करणार, कोठें अडलें आहे, एवढेंच तो सांगतो. बाकीचेहि आपापल्या परीनें तेंच सांगतात. पाव तासाच्या आंत सारें आटोपतें. आजींनीं विचारलें तर उत्तर येतें, "आजी, आमची स्टँड-अप होती." बसून केलेल्या सभेस उभ्याची सभा कां म्हणावें, हा आजींचा प्रश्न अगदीं रास्त आहे; पण त्याचें उत्तर देण्याइतकी फुरसद सहसा कोणास नसते.

तें उत्तर असें : माणूस उभा असला म्हणजे त्याचे पाय दुखूं लागतात आणि तो भाषण आवरतो. कचेरींत सर्वांनीं उभ्यानेंच ही सभा उरकावी असा प्रघात एवढ्याचसाठीं पडला. पडद्यावरच्या सभेंत सगळे बसतात. नांव मात्र जुनेंच राहिलें. या उभ्या सभेमागें काम करण्याची एक संपूर्ण पद्धति आहे. तिला 'अजाइल', म्हणजे चपळ, असें नांव असून तिच्या प्रकारांपैकीं सर्वांत रूढ झालेल्या प्रकारास 'स्क्रम' म्हणतात.

सांगलीस १९४७ सालीं निघालेलें, आज वालचंद या नांवानें ओळखलें जाणारें एंजिनियरिंग कॉलेज, कऱ्हाडचें १९६० सालचें सरकारी कॉलेज आणि मागाहून साताऱ्यास व साखराळ्यास निघालेलीं कॉलेजें यांतून बाहेर पडलेली पुष्कळ मुलें-मुली पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून काम करूं लागलीं. २०२० सालच्या टाळेबंदींत हीं मुलें आपापले संगणक घेऊन घरीं परतलीं आणि जें काम पूर्वीं हिंजवडींतील कांचेच्या इमारतींत चालत असे तें माजघराशेजारीं येऊन बसलें. पुढें पुष्कळ कंपन्यांनीं आठवड्यांतील कांहीं दिवस तरी कचेरींत यावें असा आग्रह धरला. पण उरलेल्या दिवशीं घर आणि कचेरी यांत आजहि एका दाराचेंच अंतर आहे. या कामाविषयीं घरांतील वडील मंडळींस बहुधा पगाराच्या आंकड्यापलीकडे माहिती नसते. ती असावी, कारण या पद्धतीचा चांगला किंवा वाईट वापर घराच्या जेवणाच्या वेळांपर्यंत येऊन पोहोंचतो.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकानें काय व कोणत्या क्रमानें करावें याच्या लेखी आज्ञा. हें काम पूर्वीं इमारतीच्या धर्तीवर चाले : आधीं सर्व गरजांची यादी, मग आराखडा, मग लेखन, मग तपासणी आणि शेवटीं गिऱ्हाइकाच्या हवालीं. एका पायरीवरून दुसरीवर उतरावयाचें. पुन्हां वर चढावयाचें नाहीं. विन्स्टन रॉइस या अमेरिकन एंजिनियरानें १९७० सालच्या एका निबंधांत या पायऱ्यांचें चित्र काढलें आणि त्याच निबंधांत, अशा एकाच उतरणीवर विसंबणें धोक्याचें आहे, असा इशाराहि दिला. पुढच्या लोकांनीं चित्र तेवढें उचललें, इशारा तेथेंच ठेवला. या रीतीस 'धबधबा' म्हणतात, तेंहि नांव मागाहून पडलेलें. रॉइसच्या निबंधांत तें नाहीं.

ही रीत कोठें फसते हें समजण्यास आपल्याकडचेंच उदाहरण घ्यावें. कोणा एका कारखान्याची ही हकीकत नव्हे; पण सातारा-सांगलीच्या वाचकांस ऊंस आणि वजनकांटा यांची ओळख करून द्यावयास नको. समजा, कृष्णाकांठच्या एका सहकारी साखर कारखान्यास उंसाची लागण-नोंद, तोडणीचा क्रम, कांट्यावरील वजन आणि सभासदांचीं बिलें या सर्वांसाठीं नवें सॉफ्टवेअर पाहिजे आहे. काम चैत्रांत ठरलें. गाळप दिवाळीच्या आगेंमागें सुरू व्हावयाचें. जुन्या रीतीनें गेलें तर दोन महिने चौकशी, मग दोनशें पानांचा मसुदा, त्यावर वरिष्ठांच्या सह्या, मग चार महिने लेखन, आणि हंगामाच्या तोंडावर एके दिवशीं सगळेंच्या सगळें एकदम कारखान्याच्या दारांत. कांट्यावरच्या कारकुनास तें त्याच दिवशीं प्रथम दिसणार. पहांटे तीनचा सुमार, बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, आणि पडद्यावर आज्ञा उमटते कीं सभासदाचें नांव लिहा. तो लिहितो. त्याच गांवांत, त्याच आडनांवाचे, त्याच नांवाचे, वडिलांचेंहि तेंच नांव असलेले चार सभासद निघतात. दोनशें पानांच्या मसुद्यांत ही गोष्ट कोठेंहि नसते, कारण मसुदा करणारांनीं कारकुनास विचारलेलें नसतें. आणि विचारलें असतें तरी, समोर पडदा नसतां, त्याला ती सुचलीच असती असें नाहीं. लबाडी यांत कोणाचीच नाहीं. आपणांस काय पाहिजे हें माणसास वस्तु हातांत आल्यावरच नीट कळतें, एवढीच यांतली अडचण आहे.

आतां हेंच काम चपळ पद्धतीनें कसें चालतें तें पाहूं. सहा-सात जणांची एक तुकडी असते; २०२० च्या स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेप्रमाणें ती सहसा दहापेक्षां मोठी नसावी. कारखान्याच्या गरजांची एक यादी करावयाची आणि ती महत्त्वाच्या क्रमानें लावावयाची. हा क्रम ठरविण्याचा अधिकार एकाच माणसास दिलेला असतो, म्हणजे आज अध्यक्ष एक सांगतात, उद्यां हिशेबनीस दुसरें, असा घोळ होत नाहीं. मग वेळाचे सारखे हप्ते पाडतात. हप्ता महिन्याहून मोठा असूं नये असा नियम आहे. बहुतेक तुकड्या पंधरवडा धरतात आणि त्याला 'स्प्रिंट', म्हणजे छोटी धांव, म्हणतात. पहिल्या पंधरवड्यांत आपल्या तुकडीनें एकच गोष्ट घ्यावी : गाडीचा नंबर, भरलेलें वजन, रिकामें वजन, वजाबाकी आणि छापील पावती. एवढेंच, पण तें पुरें. अर्धवट दहा गोष्टींपेक्षां वापरतां येईल अशी एक गोष्ट, हा या रीतीचा पाया आहे.

पंधरवडा संपला कीं ती पावती दाखवावयाची, आणि दाखवावयाची ती संचालक मंडळाच्या दिवाणखान्यांत नव्हे, तर कांट्यावर. कारकून म्हणतो, "साहेब, नांवानें शोधायला लावूं नका, नोंदीच्या नंबरानें द्या. आणि अक्षर मोठें करा, रात्रीं दिसत नाहीं." दुसऱ्या पंधरवड्यांत हें झालें कीं तो विचारतो, वीज गेली तर अर्ध्या गाडीचें वजन कोठें राहतें? तिसऱ्यांत बिलाचें काम घ्यावें, कारण १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें उंसाचा दाम चौदा दिवसांच्या आंत चुकता करावा लागतो. असें करीत करीत आश्विन उजाडतो. कदाचित् तोडणीचा क्रम लावणारा भाग अपुरा राहिला असेल. तो आणखी एक हंगाम वहींत चालेल. पण कांटा आणि बिल हीं तयार आहेत आणि चार महिने वापरणाराच्या हाताखालून गेलेलीं आहेत. वेळ थोडा पडला तर जें राहील तें कमी महत्त्वाचें राहील, अशी तजवीज आरंभापासूनच केलेली असते.

या रीतीस किंमत द्यावी लागते, हेंहि सांगितलें पाहिजे. लिहिलेलें पुन्हां मोडून लिहावें लागतें. कांट्यावरच्या माणसास दर पंधरवड्यास तास-दोन तास मोकळें करावें लागतें, आणि त्याच्या शब्दास वरिष्ठांच्या शब्दाइतकें वजन द्यावें लागतें. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां पुष्कळ अवघड. शिवाय सरकारी व सहकारी संस्थांचें काम निविदेनें चालतें आणि निविदेंत सर्व कांहीं आधीं लिहून त्याची एक रक्कम ठरवावी लागते. चपळ पद्धति सांगते कीं सर्व कांहीं आधीं लिहितां येत नाहीं. या दोहोंचा मेळ घालणें हें काम संगणकाचें नव्हे, करार लिहिणाराचें आहे.

पुन्हां पुन्हां बदलावयाचें तर जुनें बिघडणार नाहीं कशावरून, अशी शंका कोणाच्याहि मनांत येईल. त्यावर उपाय आपल्या पेढ्यांवरच्या रुजुवातीसारखा आहे. एकानें वहींतील रकमा मोठ्यानें वाचाव्या आणि दुसऱ्यानें ताडून पाहाव्या, तशी येथें संगणकाकडूनच संगणकाची रुजुवात घेतात : अमुक भरलेलें, अमुक रिकामें, तर उत्तर अमुकच आलें पाहिजे, अशा शेंकडों कसोट्या लिहून ठेवतात आणि प्रत्येक बदलानंतर त्या सर्व आपोआप चालवितात. कांहीं तुकड्यांत तर दोघे जण एकाच संगणकापुढें बसून, एक लिहितो आणि दुसरा लक्ष ठेवतो, अशा रीतीनें काम करतात. केंट बेक या अमेरिकन गृहस्थांनीं या गोष्टींवर फार भर दिला. क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या कामावर १९९६ पासून त्यांच्या तुकडीनें ही रीत चालविली आणि १९९९ सालीं त्यांनीं तिजवर पुस्तक लिहिलें. मौजेची गोष्ट अशी कीं, तें पगारपत्रकाचें काम कंपनीनें २००० सालीं बंद केलें. रीत मात्र जगभर पसरली. त्या पुस्तकांतील बारा नियमांपैकीं एक असा होता कीं, आठवड्यास चाळीस तासांहून अधिक काम करूं नये. थकलेला माणूस लिहितो त्यापेक्षां बिघडवितो अधिक, हा त्यामागचा विचार. वाचकांनीं हा नियम ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

'स्क्रम' हा शब्द रग्बी नांवाच्या चेंडूच्या खेळांतला. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अध्यापकांनीं १९८६ सालीं एक लेख लिहून असें दाखविलें कीं, होंडा, कॅनन इत्यादि कंपन्यांतून नवी वस्तु बनवितांना शर्यतींतल्याप्रमाणें एकानें दुसऱ्याच्या हातीं काठी देत जाण्याऐवजीं सारी तुकडी चेंडू आपसांत फेंकीत एकदमच पुढें सरकते. ती कल्पना जेफ सदरलंड यांनीं १९९३ च्या सुमारास सॉफ्टवेअरच्या कामास लावली आणि १९९५ सालीं केन श्वाबर यांच्यासह ती विद्वानांपुढें मांडली. अशा निरनिराळ्या पंथांचे सतरा लोक फेब्रुवारी २००१ मध्यें युटा राज्यांतील स्नोबर्ड या डोंगराळ ठिकाणीं जमले. त्यांनीं एक छोटा जाहीरनामा काढला. त्याचा मथितार्थ असा कीं, रीतीभातींपेक्षां माणसें आणि त्यांचें परस्परांशीं बोलणें, जाड्या दस्तऐवजांपेक्षां चालतें सॉफ्टवेअर, करारावरील घासाघिशीपेक्षां गिऱ्हाइकाचें सहकार्य आणि ठरल्या बेतास चिकटण्यापेक्षां बदलास सामोरें जाणें यांस अधिक मान द्यावा. 'अजाइल' हें सामायिक नांव त्याच बैठकींत ठरलें.

हें सारें परदेशांतून आलें असें वाटून कोणी बिचकावयास नको. औंध हें गांव आज सातारा जिल्ह्यांत आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत आहे; पूर्वीं दोन्ही एकाच संस्थानांत होतीं. बेळगांवची जागा सोडावी लागल्यावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांस औंधाच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, ही हकीकत या भागांत सर्वश्रुत आहे. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते, अशी त्या वेळीं शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. कारखानदाराच्या दृष्टीनें उत्तम असलेली वस्तु वापरणाराच्या शेतांत उतरेपर्यंत उत्तम ठरत नाहीं, हें किर्लोस्करांस सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीं कळून चुकलें होतें. त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीनें १९९७ सालीं जपानच्या टोयोटा कंपनीशीं भागी करून बंगळूरजवळ बिडदी येथें मोटारींचा कारखाना काढला. टोयोटांत तैइची ओनो यांनीं चिठ्ठ्यांची एक रीत बसविली होती : पुढच्या कामगाराची चिठ्ठी आल्याशिवाय मागच्यानें नवा भाग बनवावयाचा नाहीं. त्या चिठ्ठीचें जपानी नांव 'कानबान'. सॉफ्टवेअरवाल्यांनीं तेंहि उचललें. भिंतीवर फळी, तिच्यावर तीन रकाने, 'करावयाचें', 'चालू' आणि 'झालें'. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. आणि 'चालू' रकान्यांत ठराविक संख्येहून अधिक चिठ्ठ्या लावावयास बंदी. चार शेगड्यांवर चार भांडीं चढवून एकहि पदार्थ वेळेवर न उतरणें म्हणजे काय, हें घरांतील बायांस ठाऊक असतेंच.

येथें थोडें विषयांतर करतों, पण तें वाचकांस आवडेल. कोणतें काम किती मोठें याचा अंदाज करतांना ही मंडळी पत्त्यांसारखीं पानें वापरतात. त्यांवर १, २, ३, ५, ८, १३ असे आंकडे असतात. प्रत्येक आंकडा मागच्या दोहोंची बेरीज. युरोपांत हे आंकडे इटलीच्या फिबोनाच्चीच्या नांवानें ओळखले जातात व त्याचा ग्रंथ १२०२ सालचा आहे. परंतु लघु एक मात्रेचा व गुरु दोन मात्रांचा धरून अमुक मात्रांचा चरण किती तऱ्हांनीं भरतां येईल, हें मोजतां मोजतां आपल्याकडील छंदःशास्त्रज्ञ विरहांक आणि त्यामागून बाराव्या शतकांत हेमचंद्र याच आंकड्यांपाशीं पोहोंचले होते. असो. पानांचा खरा उपयोग मात्र गणिताचा नव्हे. सर्वांनीं आपलें पान पालथें ठेवावयाचें आणि एकदम उलटावयाचें, असा नियम आहे; कारण वडील माणसानें आधीं आंकडा सांगितला कीं धाकट्यांचा आंकडा त्याच्याच आसपास घुटमळतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें अधिक फोडून सांगावयास नको. ज्या धाकट्याचें पान सर्वांहून वेगळें निघालें त्यालाच प्रथम बोलूं द्यावयाचें, आणि पुष्कळदां असें दिसतें कीं, इतरांच्या ध्यानांत न आलेली खोंच त्यानेंच पाहिलेली असते.

आतां दुसरी बाजू. पंधरा मिनिटांची सभा ही मूळांत सहकाऱ्यांनीं एकमेकांची अडचण ओळखावी म्हणून आहे. पुष्कळ ठिकाणीं ती हजेरी होऊन बसली आहे. वरिष्ठ पडद्यावर असतो, एकेकाचें नांव घेतो, आणि प्रत्येक जण कालच्या दिवसाचा जाब देतो. 'अडलें आहे' असें म्हणावयास कोणी धजत नाहीं, आणि मग सभेचें मूळ कामच संपतें. काल काय, आज काय, अडचण काय, हे तीन प्रश्न इतके यांत्रिक झाले कीं २०२० च्या नियमपुस्तिकेंतून ते गाळावे लागले. तरी लोक अजून तेच विचारतात. पानांवरील आंकड्यांचीहि तीच गत. अंदाजासाठीं काढलेले आंकडे मालकी हक्काचे उद्दिष्ट बनतात. मागच्या पंधरवड्यास तीस झाले, या वेळीं पस्तीस करा, असें सांगितलें जातें. मग आंकडे वाढतात, काम तेवढेंच राहतें. पंधरवडा म्हणजे छोटी धांव; पण एक धांव संपतांच श्वास न घेतां दुसरी, आणि अशा वर्षास सव्वीस. चाळीस तासांचा नियम या धांवपळींत प्रथम गळतो.

परदेशी गिऱ्हाईक असलें म्हणजे त्यांत घड्याळाची भर पडते. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हां येथें उन्हाळ्यांत सायंकाळचे साडेसहा व हिंवाळ्यांत साडेसात वाजलेले असतात. कॅलिफोर्नियाच्या नवास तर रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. ज्या घरीं मुलगा कामावर आहे तेथें त्याचें ताट झांकून ठेवलें जातें आणि कोणी कुरकुरत नाहीं. ज्या घरीं सून हें काम करते तेथें रात्रीं साडेदहाची सभा आटोपून सकाळीं सहास ओट्यापुढें उभें राहणें तिच्याच वांट्यास येतें, आणि 'दिवसभर घरांतच तर असते' हें वाक्यहि. आमच्या मतें येथें दोष पद्धतीचा अर्धा आणि घराचा अर्धा आहे. कंपनीस सभेची वेळ बदलावयास लावणें एकट्या सुनेच्या हातीं नसेल. पण सकाळचा ओटा वांटून घेणें घराच्या हातीं खास आहे. हप्त्याच्या शेवटच्या दोन दिवशीं काम साचतें, हेंहि घरच्यांनीं माहीत करून घ्यावें. पाहुण्यांस बोलवावयाचें, सत्यनारायण घालावयाचा, तर तो हप्ता संपल्यावर घालावा; तारखा विचारल्या तर मिळतात.

मुलगा या धंद्यांत नवा असेल तर वडिलांनीं पगाराबरोबर आणखी एक गोष्ट अवश्य विचारावी : हप्त्याच्या शेवटीं तुमची मागे वळून पाहण्याची बैठक होते काय? पद्धतींत ती सांगितलेली आहे. काम कसें झालें हा तिचा विषय नसून, काम करण्याच्या आपल्या रीतींत काय बदलावें, हा असतो. आणि घाईंत सर्वांत आधीं हीच बैठक रद्द होते. जेथें ती होते आणि तींत धाकट्यांनीं सांगितलेली एखादी तरी गोष्ट पुढच्या हप्त्यांत बदललेली दिसते, तेथें बाकीच्या चालीरीति थोड्या सैल असल्या तरी मुलगा बऱ्या ठिकाणीं आहे असें समजावें. जेथें फळी, पानें, सभा सारें कांहीं यथासांग आहे पण बदलत कांहींच नाहीं, तेथें त्यानें अनुभव घ्यावा आणि दुसरी जागा पाहावी.

राहतां राहिली आपल्या कॉलेजांची गोष्ट. शेवटच्या वर्षास विद्यार्थ्यांच्या गटाकडून एक प्रकल्प करून घेतात. पुष्कळदां तो आषाढांत ठरतो आणि चैत्रांत, परीक्षकापुढें, जाड बांधणीच्या वहीसह एकदमच उभा राहतो; तो वापरणारा माणूस कोणी नसतोच. त्याऐवजीं गटानें मिरजेच्या एखाद्या औषधाच्या दुकानदारास, तासगांवच्या एखाद्या द्राक्षबागाईतदारास किंवा साताऱ्याच्या एखाद्या वाचनालयाच्या ग्रंथपालास गांठावें, त्याची एकच अडचण घ्यावी, आणि दर पंधरवड्यास झालेलें काम त्याच्या टेबलावर ठेवून तो तें कसें वापरतो हें गप्प बसून पाहावें. गप्प बसणें हा यांतला कठीण भाग आहे. गुण देतांना परीक्षकांनीं वहीची जाडी पाहूं नये. त्या दुकानदारास बोलावून घ्यावें आणि वस्तु तो अजून वापरतो कीं नाहीं, एवढें विचारावें.